सशर्त प्रवेश

त्या रविवारी अण्णांनी जेवणाच्या टेबलाशी आपली खुर्ची धाकट्या मुलाला, बापूला दिली आणि तिथूनच सगळं बिनसलं.

खाली काचेचं वर्कशॉप, वर घर, घराच्या मधोमध हे लांब टेबल आणि टेबलाच्या टोकाला अण्णा. एवढ्या वर्षांत हा क्रम कधी मोडला नव्हता. दादा थोरला, सगळं वर्कशॉप त्याच्या अंगावर, पण त्या खुर्चीच्या पाठीला हात लावायचीही त्याची छाती नव्हती. आणि आज अण्णा स्वतः उठले, बापूच्या खांद्याला धरून त्याला तिथे बसवलं आणि म्हणाले, "बस. काच कापायला ह्या घरात सगळेच शिकले. पैसा कसा चालतो ते शिकायला बाहेर जाणारा तू पहिला."

बापू बसला. बसायला नको हे त्याला पुरतं ठाऊक होतं, तरी बसला.

गोष्ट अशी झाली होती. शुक्रवारी सकाळी चहा घेताना बापूच्या आणि त्याच्या बायकोच्या मोबाइलवर एकापाठोपाठ एक मेल आल्या. बायकोला प्रवेश, बापूला 'आपल्या अर्जाबद्दल आभार'. विद्यापीठ तेच, अभ्यासक्रम तोच, मास्टर्स इन फायनान्स, दोन वर्षांचा. बापूचा हा तिसरा अर्ज होता. तिचा पहिला, तोही बापूच्या शेजारी बसून, त्याला सोबत म्हणून भरलेला. तिने हरखून आत्याला फोन केला, "आत्या, प्रवेश मिळाला!" आणि पुढचं काही ऐकायच्या आत आत्याने फोन ठेवून गावभर डांगोरा पिटला. तिचं तरी काय चुकलं? आई आजारी असल्यापासून आणि ती गेल्यावरही ह्या दोन्ही पोरांचं सगळं तिनेच केलं होतं. लहानपणी म्हाताऱ्यासारखं बोलायचा म्हणून ह्याला बापू हे नावही तिनेच ठेवलेलं. आणि तीन वर्षं ह्या घरात त्या पदवीचं नाव निघालं की माणसं बापूकडेच बघायची.

"तू सांगशील की मी सांगू?" येताना बसमध्ये बायकोने विचारलं होतं.

"मी सांगतो. जेवणाआधी."

आता सूप संपलं होतं, भात वाढून झाला होता, आणि बापू अण्णांच्या खुर्चीत बसला होता.

"पण मला एक सांग," आत्या म्हणाली, "दोन वर्षं शिकवतात तरी काय? पैसे मोजायला दोन वर्षं लागतात?"

सांगून टाकायची ती वेळ होती. बापूने तोंड उघडलंही. पण बाहेर पडलं ते भलतंच.

"मोजायला नाही गं. पैशाचा वेळेशी संबंध काय, ते शिकवतात. चार सेमिस्टर असतात. पहिल्यात पाया. हिशेबशास्त्र, स्टॅटिस्टिक्स, कॉर्पोरेट फायनान्स. म्हणजे कंपनीने नवं मशीन घ्यावं की न घ्यावं, कर्ज काढावं की भागीदार घ्यावा, हे कसं ठरवायचं ते. दुसऱ्यात गुंतवणूक, जोखीम, डेरिव्हेटिव्हज."

"ते काय असतं?" दादाने विचारलं. दादा सहसा जेवताना बोलत नसे.

"समज, तुला सहा महिन्यांनी काचेचा माल लागणार आहे. भाव चढेल का पडेल, देव जाणे. मग आजच भाव ठरवून टाकायचा, माल तेव्हा उचलायचा. हा झाला करार. आता त्या कराराचीच किंमत किती, हे काढायला शिकवतात."

"म्हणजे न आलेल्या मालाचा भाव?"

"न आलेल्या मालाच्या भावाचा भाव."

दादा खो खो हसला. अण्णांनी कौतुकाने मान हलवली. बापूच्या अंगात वारं शिरलं. तिसरं सेमिस्टर दुसऱ्या देशात, भागीदार विद्यापीठात. तिथे वर्गात वीस-वीस देशांची मुलं. चौथ्यात एखाद्या बँकेत इंटर्नशिप आणि प्रबंध. व्यवसायातल्या नीतीवर एक अख्खा विषय असतो, हे सांगितल्यावर अण्णा म्हणाले, "तो आपल्या पुरवठादारांना शिकवा!" प्रत्येक विषयाचं नाव बापूला पाठ होतं, कोणता सक्तीचा, कोणता ऐच्छिक, कशाला प्रोजेक्ट आणि कशाला लेखी परीक्षा. तो बोलत होता आणि थोडा वेळ ती पदवी खरोखर त्याची होती.

बायको समोर बसली होती. तिने एकदाही त्याला अडवलं नाही. ते त्याला जास्त लागत होतं.

"आणि भाऊजी, घेताना काय काय बघतात हो?" वहिनीने विचारलं. वहिनी म्हणजे दादाची बायको. मघापासून हसतमुखाने वाढत होती, पण बापू त्या खुर्चीत बसल्यापासून तिच्या हातातली भांडी जरा जास्तच वाजत होती.

"पदवी लागते. पदवीला गणित, स्टॅटिस्टिक्स पुरेसं झालेलं लागतं. एक कल चाचणी असते, तिचे गुण. भाषेची परीक्षा. दोन वरिष्ठांची शिफारस, स्वतःबद्दल एक निबंध, आणि शेवटी मुलाखत, व्हिडिओवर." इथे त्याचा आवाज थोडा बसला. "मुलाखतीत खूप जण गळतात."

"तुम्ही नाही ना गळलात!" वहिनी म्हणाली आणि जावेकडे वळली. "आणि गं, तू काय करणार? इथे राहणार का मागून जाणार ह्यांच्या?"

बायकोने चमचा खाली ठेवला. बापूकडे पाहिलं. बापू टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा करण्यात गढला होता.

"वहिनी, मीच जाणार आहे," ती म्हणाली. "प्रवेश मला मिळालाय. ह्यांना नाही मिळाला."

वहिनीच्या हातातला डाव भातातच राहिला.

"अगं, पण फोनवर तू..." आत्या पुटपुटली.

"मी सांगतच होते, आत्या. तुम्ही फोन ठेवलात."

अण्णांनी खुर्चीतल्या मुलाकडे पाहिलं. "आणि तू इतका वेळ आम्हाला हे सगळं..."

"सांगणारच होतो."

"कधी?" दादा म्हणाला. "पदवी मिळाल्यावर?"

वहिनी फिसकन हसली. बापूच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तेव्हाच तो उठला असता तर बरं झालं असतं. पण खुर्चीतून उठणं म्हणजे सगळ्यांसमक्ष पायउतार होणं, म्हणून तो तसाच चिकटून राहिला. आणि अशा वेळी माणसाच्या तोंडून निघू नये तेच निघालं.

"तो प्रवेश काही पक्का नाहीये," तो म्हणाला. "सशर्त आहे. हिचं पदवीला स्टॅटिस्टिक्स कमी पडतंय. वर्ग सुरू व्हायच्या आधी एक परीक्षा द्यायची, ऑनलाइन. एकच संधी. नापास झाली तर जागा गेली. आणि हिला स्टॅटिस्टिक्स येत नाही."

"येत नाही?" अण्णांनी सुनेला विचारलं.

"कच्चं आहे," ती म्हणाली.

बापूचा आवाज आता समजूतदार झाला. ह्या आवाजाची त्याच्या ऑफिसात ख्याती होती; कर्ज नाकारताना तो ह्याच आवाजात बोलायचा. "घाई कशाला करायची, एवढंच माझं म्हणणं. जागा एक वर्ष पुढे ढकलता येते, तशी सोय आहे. वर्षभर नीट अभ्यास करेल. तोवर मीही पुन्हा अर्ज करीन. दोघं बरोबर जाऊ. खर्चही आटोक्यात."

"हे बरोबर आहे," अण्णा म्हणाले.

"बरोबरच आहे," वहिनीने री ओढली. मघाशी बापूवर हसलेली वहिनी आता एकदम त्याच्या बाजूला आली. दिराने मोठं होणं एक वेळ परवडतं, धाकट्या जावेने मोठं होणं कोण सोसणार? "तीन वर्षं घासली भाऊजींनी. आणि हिचं म्हणजे आयत्या बिळावर नागोबा!"

"बीळ बरंच मोठं आहे, वहिनी," बायको शांतपणे म्हणाली. "आम्ही दोघंही मावलो असतो."

"उलट बोलू नकोस गं," आत्या म्हणाली. आत्याने असं म्हणावं ह्याचं बापूलाही नवल वाटलं, कारण हिची बाजू घेणारी एवढ्या घरात आत्याच होती. "नवऱ्याला मागे ठेवून दोन-दोन वर्षं! एक वर्ष थांबलीस तर आभाळ कोसळतंय का?"

बापूने मनातल्या मनात मोजदाद केली: अण्णा, आत्या, वहिनी. चांगलं जमलं होतं. आणि ह्या जमण्याचा आनंद पोटात गार पाण्यासारखा उतरत असतानाच त्याला स्वतःची किळसही आली.

"मलाही असंच म्हणाला होतात," दादा म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. दादा ताटात बघूनच बोलत होता.

"कॉलेज एक वर्ष थांबव, तुम्ही म्हणालात, अण्णा. आई आजारी होती, वर्कशॉपला माणूस नव्हता, बापूची शाळा होती. खरंच अडचण होती, मी नाही म्हणत नाही. आत्या, तूही म्हणालीस, आभाळ कोसळतंय का? नाही कोसळलं. फक्त ते वर्ष अजून संपलेलं नाही."

"आत्ता कशाला ते उकरून काढायचं?" वहिनी म्हणाली. पण तिचा आवाज पडला होता. नवऱ्याने हे कधी तिच्यापाशीही काढलं नव्हतं.

"उकरत नाही. ती थांबली की काय होतं ते मला माहीत आहे, तेवढं सांगतो." त्याने बापूकडे पाहिलं. "आणि तुलाही माहीत आहे. तू हुशार आहेस."

अण्णांनी पेला उचलला, न पिताच खाली ठेवला. आत्याचे डोळे भरून आले होते. ती उठून उगाचच पाण्याचा जग भरायला गेली.

बायको उभी राहिली. "अण्णा, मी परवानगी मागायला आले नव्हते. सांगायला आले होते. तुम्हाला आनंद होईल असं वाटलं म्हणून." एवढं बोलून ती जिना उतरून खाली गेली.

जग घेऊन परत आलेल्या आत्याने बापूच्या डोक्यावर हलकेच टपली मारली. "ऊठ त्या खुर्चीतून," ती म्हणाली. "मी आपली उचलली जीभ, लावली टाळ्याला, चुकलंच माझं. तू तरी आता जा खाली. आणि शहाणपणा शिकवायला जाऊ नकोस."

रविवार असल्यामुळे वर्कशॉप बंद होतं. काचेचे मोठे तक्ते लाकडी घोड्यांवर तिरके टेकून उभे होते, कापायच्या टेबलावरच्या जाड कापडाला रॉकेलचा वास येत होता. बायको भिंतीशी ठेवलेल्या एका पेटीवर बसली होती. रडत असेल असं बापूला वाटलं होतं. पण ती रडत नव्हती. ते पाहून त्याला हायसं वाटलं, आणि थोडी निराशाही झाली.

"मी जायला नको आहे तुला," तिने विचारलं, "की तुझ्याआधी जायला नको आहे?"

"माझ्याआधी म्हणजे काय, मी जाणारच नाहीये."

"हे उत्तर नाही झालं."

तो टेबलाला टेकून उभा राहिला. "जळतोय मी," तो म्हणाला. "शुक्रवारपासून. तू हसलीस तरी जळतो, नाही हसलीस तरी वाटतं, दया करतेय. रात्री तू त्या अभ्यासक्रमाचं पान उघडून बसतेस ना, तेव्हा ते पान तुझ्या हातातून ओढून घ्यावंसं वाटतं. प्रत्येक ओळ माझी आहे ती. तुला तर विषयांची नावंसुद्धा धड माहीत नाहीत!"

"नाहीत," ती म्हणाली. "म्हणून तर शिकायला जायचंय."

त्याने टेबलावरच्या कापडाचं टोक सारखं केलं.

"एक विचारू? मुलाखतीत त्यांनी तुला विचारलं होतं का, की तुला कोणता विषय जमत नाही?"

"विचारलं होतं."

"काय सांगितलंस?"

"असा काही विशेष नाही, म्हणालो." त्याने खांदे उडवले. "कमजोरी कशाला दाखवायची?"

"मी स्टॅटिस्टिक्स म्हणाले. मग त्यांनी विचारलं, त्यात काय कळत नाही? त्यावरच आमची निम्मी मुलाखत झाली."

बापूला हे माहीत नव्हतं. मुलाखत कशी झाली हे त्याने तिला विचारलंच नव्हतं. आपली किती छान झाली, तेच सांगत बसला होता.

"मला शिकव," ती म्हणाली.

"काय?"

"स्टॅटिस्टिक्स. तुझं पक्कं आहे. आत्ता वर म्हणालास ना, हिला येत नाही. मग येईल असं कर. नाही केलंस तर मी दुसरं कुणीतरी शोधीन, पण तू असताना दुसऱ्याकडे गेले, तर त्याचीही तुला आगच होईल."

त्याला हसू आलं. ते त्याने दाबलं. मग आजूबाजूला पाहिलं आणि पेटीवर बोटाने टकटक केलं. "ऊठ. तू बसली आहेस त्यात चार मिलिमीटरची काच आहे. असं पुरवठादार म्हणतो. दादाला सगळ्या काचा मोजणं परवडत नाही. मग तो काय करतो? पाच काढतो, जाडी मोजतो, आणि त्या पाचांवरून पेटी ठेवायची का परत पाठवायची ते ठरवतो. हे तुझं हायपोथिसिस टेस्टिंग. गृहीत काय? की पुरवठादार खरं बोलतोय. ते गृहीत मोडायला पुरेसा पुरावा मिळाला तरच मोडायचं. पाचांची सरासरी थोडी कमी आली, तर ती निव्वळ योगायोगाने आली का खरोखरच माल पातळ आहे, एवढाच प्रश्न. बाकी सगळी सूत्रं ह्या एका प्रश्नासाठी."

ती पेटीकडे बघत राहिली. तिच्या कपाळावर आठी पडली होती. "आणि चांगली पेटी चुकून परत पाठवली तर?"

"ती पहिल्या प्रकारची चूक. वाईट पेटी ठेवून घेतली तर दुसऱ्या प्रकारची. एक कमी करायला गेलं की दुसरी वाढते."

"आलं लक्षात." तिने पेटीच्या कडेवरून बोट फिरवलं. "पण पेटी भरणाऱ्याला ठाऊक असेल की दादा वरच्याच पाच काढतात, तर? तो वर चांगल्याच ठेवेल ना? मग तुझी सूत्रं काय कामाची?"

बापूने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्याच्या ध्यानात आलं की उत्तर नाहीये. तीन वर्षं त्याने ती सूत्रं घोकली होती, ऑफिसात वापरली होती, एवढंच नव्हे तर कर्जदारांच्या कागदांवरही अशीच पाच-पाचांची तपासणी केली होती. पेटी भरणारा माणूस त्याच्या डोक्यात कधी आलाच नव्हता. त्याला आता त्या मुलाखत घेणाऱ्यांचा राग येईना. हिला का घेतलं ते त्याला इतकं लख्ख दिसलं, की मघाचं जळणं त्यापुढे काहीच नव्हतं.

"हे परीक्षेत येणार नाही," तो कसाबसा म्हणाला.

"पण पुढे?"

"पुढे येईल. दुसऱ्या सेमिस्टरला. एकाला माहीत असतं आणि दुसऱ्याला नसतं, तेव्हा बाजाराचं काय होतं, असा विषय आहे. ऐच्छिक." त्याने पेटीवरची धूळ हाताने पुसली. "तो घे तू."

परीक्षेपर्यंत त्याने तिला रोज शिकवलं. शिकवताना तो चिडायचा, टोमणे मारायचा, एकदा तर वही बंद करून गच्चीवर निघून गेला. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना त्याच गणिताची सोपी रीत शोधून आणली. आत्या फोनवर तिला विचारायची, "नीट शिकवतो ना गं?" आणि ती म्हणायची, "शिकवतो नीट, बोलतो वाकडं."

परीक्षेच्या दिवशी ती बेडरूमचं दार लावून लॅपटॉपसमोर बसली. बापू स्वयंपाकघरात होता. आतून कळफलकाचा आवाज यायचा, मग बराच वेळ यायचा नाही. एकदा असाच आवाज थांबला, लांबला, आणि बापूच्या मनात स्वच्छ शब्द उमटले: होऊ दे नापास. त्याने ओट्याची कड घट्ट धरली. बायकोला आपण सगळं शिकवलं, आणि तरी हे मनात आहेच. ते कुठे जाणार, ह्याची त्याला भीती वाटली. तेवढ्यात आत पुन्हा टकटक सुरू झाली आणि त्याने अडवून धरलेला श्वास सुटला. म्हणजे दोन्ही होतं तर. नापास व्हावी असंही, आणि नापास झाली तर काय, ही धडधडही.

ती बाहेर आली तेव्हा लॅपटॉप तिच्या हातात उघडाच होता. निकाल लगेच लागत असे. तिने तो त्याच्यासमोर धरला. उत्तीर्ण, जेमतेम नाही, चांगली उत्तीर्ण.

"तुला आनंद झाला?" तिने विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. तीही ते ऐकून घेऊन पुढे गेली असती.

"नाही," बापू म्हणाला. "अभिमान वाटतोय. आनंद अजून व्हायचाय."

"मग लवकर होऊ दे. महिनाअखेर निघायचंय मला."

"तिथे गेलीस की तुझ्या नोट्स पाठवत जा. प्रत्येक विषयाच्या."

"पुन्हा अर्ज करणार आहेस?"

"ते बघू. पण इथे बसून जळायचंच आहे, तर जरा अभ्यास करून जळतो."

ती इतकी हसली की तिला लॅपटॉप ओट्यावर ठेवावा लागला. बापूही हसला, तिच्या मागून, जरा उशिरा.